वसईची घंटा, नागासाकीची घंटा

31 डिसेंबरच्या रात्री जवळच्या एखाद्या बौद्ध देवळात जाऊन, थंडीत कुडकुडत रांग लावण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी घेतला असेल. मध्यरात्रीच्या आसपास घंटेचे 108 ठोके पडतात. रूढ पद्धतीप्रमाणे 107 सरत्या वर्षात आणि शेवटचा एक नव्या वर्षात. याला इथे 'जोया नो काने' म्हणतात. मनातल्या 108 क्लेशांपासून सुटका व्हावी हा त्यामागचा भाव. लहानपणापासून आजीच्या हातातली 108 मण्यांची जपमाळ पाहिलेल्या मराठी माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या छोट्या देवळाच्या फाटकावर एक सूचना लागली. यंदा घंटा रात्री वाजणार नाही, दुपारी वाजेल. कारण शेजारच्या आजींनी सांगितलं. रात्रीच्या आवाजाबद्दल तक्रारी येतात आणि देवळाची वयस्कर मंडळी आता अंधारात जिने चढू शकत नाहीत. मग त्या थोडं हसून म्हणाल्या, "इथे निदान दुपारी तरी वाजेल. आमच्या माहेरी घंटा आहे, दोरही आहे, ओढायला कोणी उरलं नाही."

आजींचं माहेर गोतो बेटांवरचं. आणि ती घंटा देवळाची नव्हे, चर्चची!

जपानच्या खेड्यात चर्चची घंटा? मला नवल वाटलं. त्या कुतूहलापोटी वाचत गेलो, सुट्टीत नागासाकीला जाऊन आलो, आणि हा धागा धरून चालता चालता पोचलो कुठे, तर थेट आपल्या वसईला.

वसईचा गोन्सालो

नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी आहे. तिथे 1962 साली उभारलेल्या स्मारकावर 26 माणसांच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकुमावरून या 26 जणांना याच टेकडीवर क्रुसावर चढवून मारण्यात आलं. त्यांत 20 जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला, आणि एक वसईचा. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचा जन्म साधारण 1557 चा. बाप पोर्तुगीज, आई वसईची. वसईच्या जेझुइट पाद्र्यांकडे शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला आला. इथल्या मुलांत मिसळून जपानी इतकं उत्तम शिकला की पुढे तीच त्याची ओळख झाली. मधली काही वर्षं त्याने व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर झाला. 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून हिदेयोशीकडे वकील म्हणून आले, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो सोबत होता. भाषेच्या जोरावर जपानात उभा राहिलेला हा बहुधा पहिला वसईकर! आज दुभाषी आणि भाषांतराची कामं करणाऱ्या आपल्या मंडळींनी या पूर्वजाला एकदा तरी नमस्कार करून यावा.

क्योतोत या कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे 800 किलोमीटर चालवत नागासाकीला आणलं. 1862 मध्ये गोन्सालोला संतपद मिळालं. वसईत आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्या किती जणांना निशिझाकाची टेकडी ठाऊक असेल, कोण जाणे.

घंटेविना अडीचशे वर्षं

1614 साली तोकुगावा सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. चर्च पाडली गेली, पाद्री हाकलले किंवा मारले गेले. घंटा थांबल्या त्या थांबल्याच.

चर्चची घंटा खेड्यात नेमकं काय काम करते हे आधी पाहिलं पाहिजे, म्हणजे ती थांबण्याचा अर्थ कळेल. आपल्या देवळात घंटा भक्त वाजवतो, 'देवा, मी आलो' असं सांगायला. चर्चची घंटा उलट दिशेने बोलते, ती गावाला हाक मारते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तीन-तीन-तीन ठोके आणि मग सलग घंटानाद झाला की शेतातला माणूस जागच्या जागी थांबून प्रार्थना म्हणतो. ही ॲंजेलसची घंटा. जपानी कॅथलिक तिला 'ओत्सुगे नो काने' म्हणतात. रविवार कोणता, सण कोणता, कोणाच्या घरी मृत्यू झाला, हे सगळं गावाला घंटाच सांगते. घड्याळ, पंचांग आणि दवंडी, तिन्ही एकातच.

ही घंटा गेल्यावर लपून राहिलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी तिचं काम माणसांवर सोपवलं. नागासाकीच्या उत्तरेला सोतोमे नावाचा डोंगराळ किनारा आहे. तिथे बास्तियान नावाच्या धर्मोपदेशकाने 1634 सालच्या सणवारांची दिनदर्शिका मागे ठेवल्याचं परंपरा सांगते. वस्तीतला एक माणूस ती दिनदर्शिका सांभाळायचा. त्याला 'चोकाता' म्हणत, म्हणजे वही राखणारा. दुसरा मुलांना गुपचूप बाप्तिस्मा द्यायचा, तिसरा घरोघरी निरोप पोचवायचा. सण कधी, उपवास कधी, हे कुजबुजत कळवलं जायचं. असं सात-आठ पिढ्या चाललं.

आणि मग आला 17 मार्च 1865. परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकीत नुकतंच ओउरा चर्च बांधलं होतं. उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि एका बाईने फादर प्तिजां यांच्या कानाशी सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. त्या भेटीत त्यांनी असंही सांगितलं की सध्या आमचा दुःखाचा काळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवास, चालू आहे आणि आज त्याचा 17 वा दिवस. त्या वर्षी हा उपवासकाळ 1 मार्चला सुरू झाला होता. हिशेब करून पाहा. अडीचशे वर्षं घंटा नाही, पाद्री नाही, छापील पंचांग नाही, आणि एका दिवसाचीही चूक नाही!

गोतोच्या वाड्यांवर

बंदीच्या काळातच, 1797 मध्ये, सोतोमेतले काही शेतकरी समुद्रापलीकडच्या गोतो बेटांवर पाठवले गेले. गोतोच्या सरदाराला पडीक जमीन कसायला माणसं हवी होती. पहिल्या तुकडीत माणसं होती 108. (पुन्हा तोच आकडा!) मागोमाग हजारो आली. सपाट जमिनी आधीच्या गावकऱ्यांकडे असल्याने यांच्या वाट्याला डोंगरउतार आणि आडबाजूच्या खाड्या आल्या. रताळी लावायची, मासे धरायचे आणि धर्म झाकून ठेवायचा.

1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. मग या गरीब वस्त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. खाडी-खाडीवर चर्च उभी राहिली. काही वाड्यांत सुरुवातीला घंटा घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा शंख फुंकून लोकांना मिसासाठी बोलावत. चर्चसाठी शंखनाद! कोकणातल्या माणसाला हे चित्र लगेच डोळ्यांपुढे उभं राहील. नोझाकी बेटावरच्या नोकुबी वाडीत अवघी 17 घरं होती. 'किबिनागो' नावाची बोटभर मासळी विकून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पैसे साठवले आणि 1908 मध्ये विटांचं देखणं चर्च बांधलं. बांधणारा होता तेत्सुकावा योसुके, गोतोचाच सुतार. पुढे त्याने या भागात कितीतरी चर्च बांधली. स्वतः तो मात्र शेवटपर्यंत बौद्धच राहिला.

नोकुबीचं चर्च आजही उभं आहे. गाव मात्र नाही. 1971 मध्ये शेवटच्या कुटुंबांनी वाडी सोडली. आता तिथे हरणं फिरतात.

हे टोकाचं उदाहरण झालं, पण बाकी गोतोचीही वाट तीच आहे. आजच्या गोतो शहराच्या हद्दीत 1955 साली सुमारे 92,000 लोक राहत होते. 2020 च्या जनगणनेत ते 34,000 च्या आसपास उरले. नागासाकी प्रांतात आजही सुमारे 130 कॅथलिक चर्च आहेत, जपानच्या इतर कुठल्याही ग्रामीण भागाहून अधिक. पण अनेक ठिकाणी एकच फादर आळीपाळीने चार-पाच वाड्यांत जातो. कुठे मिसा महिन्यातून एकदा होते. 2018 मध्ये या भागातल्या 12 स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, पर्यटक येऊ लागले, छपरं दुरुस्त झाली. पण पहाटे सहाला दोर ओढायला पर्यटक येत नाहीत. आजींच्या वाडीत हे काम शेवटी एक ऐंशी वर्षांच्या बाई करत. त्यांचे गुडघे गेले आणि घंटा सणापुरती उरली.

देव बदललेल्या घंटा

इथे जरा थांबून एक गमतीची गोष्ट सांगतो. क्योतोत म्योशिन-जी नावाचं मोठं झेन देवस्थान आहे. तिथली इ. स. 698 ची घंटा म्हणजे साल कोरलेली जपानमधली सर्वांत जुनी घंटा. त्याच आवारात शुन्को-इन हे उपमंदिर आहे. त्यांच्याकडे एक वेगळीच घंटा आहे, तिच्यावर 1577 हे साल आणि जेझुइटांचं चिन्ह कोरलेलं आहे. ही क्योतोतल्या 'नानबान-जी' या चर्चची घंटा. चर्च हिदेयोशीच्या काळात पाडलं गेलं. घंटा मात्र फिरत फिरत झेन साधूंकडे आली आणि त्यांनी ती जपली. तसंच क्यूशूतल्या ताकेता गावी. तिथल्या नाकागावा शिंतो मंदिराकडे नागासाकीच्या सांतियागो हॉस्पिटलची घंटा आली. तिच्यावर क्रूस आहे आणि 1612 हे साल. म्हणजे बंदीच्या आधी जेमतेम दोन वर्षं.

हे वाचताना मला एकदम नाशिक आठवलं. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे, तिच्यावर 1721 साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. 'स्वदेस' चित्रपट ज्या मेणवलीत चित्रित झाला, तीच ही मेणवली. परदेशातून गावी परतणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला यापेक्षा योग्य जागा कोणती!

आता दोन्ही देशांतला फरक पाहा. आपल्याकडे घंटा लुटीत आल्या, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. ज्या वसईकरांच्या चर्चमधून त्या उतरवल्या, त्यांच्या कानांना ती शांतता नक्कीच टोचली असेल. पण त्या वितळवून तोफा केल्या नाहीत. टांगल्या आणि वाजवल्या. पिढ्यान्‌पिढ्या नाशिककरांनी हा नाद आपला मानला. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती गावांतही पुढे नव्या घंटा आल्या. घंटेला देव बदललेला चालतो असं दिसतं. तिला हात मात्र लागतात.

युद्धात गेलेल्या घंटा

वितळवण्याची वेळ जपानमध्ये आली, तीही स्वकीयांच्याच हातून. 1941 मध्ये सरकारने धातू जमा करण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या देवळांच्या घंटा उतरल्या. फार जुन्या आणि कलेच्या दृष्टीने मोलाच्या तेवढ्या वगळल्या. देशातल्या सुमारे 90 टक्के घंटा गेल्या असा अंदाज सांगितला जातो. आघाडीवर निघालेल्या सैनिकांना द्यावा तसा निरोप गावकऱ्यांनी घंटांना दिला. नागानो प्रांतातल्या शिनानो गावी, शोम्यो-जी देवळात, घंटेच्या जागी दगड टांगला गेला. भार गेल्याने घंटाघराचा तोल जाऊ नये म्हणून. न वाजणारी ती दगडाची घंटा लोकांनी युद्धाची आठवण म्हणून तशीच राहू दिली.

आणि उराकामी? 1865 मध्ये फादरांच्या कानाशी बोललेल्या त्या शेतकऱ्यांचं गाव. ओळख उघड झाल्यावर त्यांच्यापैकी 3,000 हून अधिक लोकांना हद्दपार केलं गेलं, शेकडो तिकडेच मेले. 1873 नंतर उरलेले परतले. ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत, ती जागाच त्यांनी विकत घेतली आणि 1895 मध्ये तिथे चर्च बांधायला घेतलं. ते 1914 मध्ये पुरं झालं. 1925 मध्ये दोन मनोरे झाले आणि त्यांत दोन घंटा बसल्या.

त्या घंटा जेमतेम 20 वर्षं एकत्र वाजल्या. 9 ऑगस्ट 1945, सकाळी 11 वाजून 2 मिनिटं. अणुबाँब चर्चपासून साधारण 500 मीटरवर फुटला. उराकामीच्या 12,000 कॅथलिकांपैकी सुमारे 8,500 गेले. लहान घंटा फुटली. मोठी ढिगाऱ्याखाली सापडली, अखंड! वाचलेल्या लोकांनी ती उकरून काढली, तिकाटण्यावर टांगली आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजवली. तिथलेच डॉक्टर नागाई ताकाशी यांनी आपल्या पुस्तकाला 'नागासाकी नो काने', नागासाकीची घंटा, हेच नाव दिलं. ते 1949 मध्ये निघालं.

दुसरा मनोरा मुका राहिला. तो 80 वर्षांनी बोलला. अणुबाँब बनवण्याच्या मॅनहॅटन प्रकल्पात डॉक्टर असलेल्या एका अमेरिकनाचे नातू, प्राध्यापक जेम्स नोलन, यांनी पुढाकार घेतला. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा पाठवली. 9 ऑगस्ट 2025 रोजी 11 वाजून 2 मिनिटांनी उराकामीच्या दोन्ही घंटा पुन्हा एकत्र वाजल्या.

घंटा कोण वाजवणार?

म्हणजे बंदीनंतर घंटा परत आली आणि बाँबनंतरही परत आली. मग आता तिला कोण गप्प करतंय? उत्तर फार साधं आहे. तरुण मुलं फुकुओकाला, ओसाकाला, तोक्योला गेली. 2014 मध्ये जपानमधल्या एका अभ्यासगटाने 896 गावं-शहरांची यादी काढली होती. तिथल्या तरुण स्त्रियांची संख्या 2040 पर्यंत निम्म्याहून खाली जाईल आणि ती टिकणं अवघड होईल, असा तो इशारा होता. देशात 77,000 च्या आसपास बौद्ध देवळं आहेत आणि त्यांतल्या हजारोंमध्ये आज पुजारी राहत नाही. चर्च काय, देऊळ काय, दुखणं एकच.

काही ठिकाणी मोटर बसवली आहे. ठरल्या वेळी ती ओंडका मागे ओढते आणि घंटेवर सोडते. ठोका अगदी वेळेवर पडतो. आणि संध्याकाळी पाच वाजता कितीतरी गावांत नगरपालिकेच्या भोंग्यावर जे 'युयाके कोयाके' लागतं ते आपल्या मुलांनाही पाठ आहे. 1923 साली प्रसिद्ध झालेलं हे गाणं नाकामुरा उको या कवीचं. त्याचं गाव ओंगाता, आज हाचिओजी शहरात सामावलेलं. त्या गाण्यात मुलांना घरी परतायची आठवण देणारी देवळाची घंटा आहे. आता घंटेच्या जागी घंटेचं गाणं वाजतं!

यावर हसावं तर आपलं काय वेगळं आहे? कोकणातल्या आमच्या गावी गुरवाचा मुलगा पुण्याला नोकरी करतो, आणि करावीच त्याने. देवळात आता विजेवरचा नगारा आणि घंटा आहे. बटण दाबलं की टाळ, नगारा, घंटा सगळं एकदम सुरू होतं आणि आरतीला चार म्हातारी माणसं पुरतात. दहातली सहा घरं गणपतीपुरती उघडतात. त्या सहांतलं एक आमचं. जपानी खेडी ओस पडल्याची हळहळ करताना माझा अंगठा गावच्या ग्रुपवर 'गणपती बाप्पा मोरया' टाईप करत असतो, हे मला विसरता येत नाही.

गावी परत जाऊन राहू असं खोटं आश्वासन मी स्वतःलाही देत नाही. पण सोतोमेच्या त्या वही राखणाऱ्याची आठवण येते. त्याच्याकडे घंटा नव्हती. कोणता दिवस आहे हे लक्षात ठेवायचं आणि पुढच्याला सांगायचं, एवढंच त्याने केलं, आणि तेवढ्यावर अडीचशे वर्षं निघाली. परदेशात गुढीपाडवा, गणपती, दिवाळी साजरी करणारं आपलं मंडळ तरी दुसरं काय करतं?

गेल्या नाताळात आजी खूप वर्षांनी माहेरी जाऊन आल्या. नातवाला सोबत नेलं होतं, तोक्योत वाढलेला, बारा वर्षांचा. परत आल्यावर त्याने मला दोन्ही तळहात दाखवले. दोराने लाल झाले होते. "वाटतं त्यापेक्षा जड असते," तो म्हणाला.

यंदा गणपतीला गावी जायचं तिकीट मी काढलं आहे. मुलीलाही नेतो आहे. आरतीच्या वेळी ते बटण पाच मिनिटं बंद ठेवा, असं देवळात सांगून ठेवलं आहे.